ज्यानं लावला त्यानंच काढावा

गाडी अंगणात शिरली की गभणे आधी गाडीवाल्याकडे पाहत नसत, बॅटरीकडे पाहत. बॉनेट उघडायचं, दहा नंबरच्या पान्याने काळी वायर सोडवायची, तिच्या तोंडाला चिंधी गुंडाळून ती बाजूला सारायची आणि मग खिशातून पत्र्याचा एक लाल तुकडा काढून बॅटरीच्या पट्टीला तारेने अडकवायचा. तळहाताएवढा पत्रा. त्यावर पांढऱ्या रंगाने लिहिलेलं, "काम चालू है. गभणे." हे सगळं झालं की मग हात पुसत विचारायचे, "हं, बोला. काय लावाचं?"

त्या पत्र्याला ते टॅग म्हणत. ज्यानं लावला त्यानंच काढावा, हा त्यांचा कायदा. एकदा एक जीपवाला पोरगा आला होता. हौशी. डिकीत भला मोठा बेसचा डबा बसवायचा होता त्याला. गभणे चहा घ्यायला घरात गेले तेवढ्यात पठ्ठ्याने टॅग काढून फेकला, वायर जोडली आणि मोबाइल चार्जिंगला लावला. गभणे बाहेर आले. अर्धं झालेलं काम उलगडलं, त्याचा डबा त्याच्या सीटवर ठेवला आणि बॉनेट बंद केलं. "घेऊन जा गाडी." पोरगा म्हणाला, "अंकल, एक टॅग ही तो था." गभणे म्हणाले, "हाव. एकच होता." त्यांनी त्याला परत कधी दारात उभं केलं नाही. ही गोष्ट मला त्यांच्या शेजाऱ्याने हसत हसत सांगितली. मला काही हसू आलं नाही.

जुनवानीत, रस्ता संपून शेतं सुरू होतात तिथे त्यांचं दोन खोल्यांचं घर आणि पुढे पत्र्याची शेड. गाड्यांमधल्या कंपनीच्या स्टिरिओला बेस जोडून देणं हा त्यांचा धंदा. माणूस उंच, वाकलेला, हाताची बोटं सोलपटलेली. कानाने बेताचंच ऐकू यायचं, त्यामुळे बोलणं मोठ्याने. आवाज ऐकायचा म्हणजे ते कान लावत नसत, डिकीच्या झाकणावर तळवा ठेवत. "कान मिलच्या यंत्रायनं खाल्ले," म्हणायचे. "हात हाय ना." गाणी ऐकायला येणारी गिऱ्हाइकं थोडी, छाती हादरवायला येणारी जास्त. त्यांना ते एकच वाक्य ऐकवत, "आवाज वाढवाले अक्कल नाही लागत बाबू, थांबाले लागते."

आता सांगूनच टाकते. मी माणूस रंगवून रंगवून मग खरी गोष्ट सांगणाऱ्यांतली नाही, वीस वर्षं मास्तरकी करून जिभेला तेवढं हाड राहिलेलं नाही. हे दौलत गभणे म्हणजे ज्यांच्या हातून माझे वडील गेले ते.

इंडस्ट्रियल एरियात तेव्हा एक लहानशी रोलिंग मिल होती. ती केव्हाच बंद पडली, आता तिथे गवत आहे. माझे बाबा, नारायण हटवार, तिथे फिटर. गभणे तिथेच इलेक्ट्रिशियन. दोघंही भंडाऱ्याकडचे, शेती भावांकडे टाकून या हिंदी मुलखात आलेले. मिलमध्ये रीत अशी की यंत्र दुरुस्त करायला जो खाली उतरेल त्याने वर मेन स्विच बंद करायचा आणि त्यावर आपल्या नावाचा लाल टॅग लटकवायचा. म्हणजे मी खाली आहे, चालू करू नका. त्या दिवशी बाबा रोलरच्या टेबलाखाली उतरले होते. दोन वाजता पाळी बदलली, त्यांचं काम थोडं राहिलं होतं. वर त्यांचा टॅग लटकत होता. दुसऱ्या पाळीला आलेल्या गभणेंनी तो काढला आणि मेन चालू केला. त्यापुढचं मला माहीत आहे, पण मी लिहिणार नाही.

चौकशी झाली. गभणेंनी जबाब दिला, "पाहिलं नाही. टॅग काढला." चार शब्द. त्यांना मिलने काढून टाकलं. पोलीस, कोर्ट, तारखा हे सगळं झालं आणि ते कुठेतरी गाड्यांच्या वायरिंगचं काम शिकायला लागले. आई मला घेऊन जुनवानी सोडून स्मृतीनगरात भाड्याने राहायला आली, एका शाळेत आया म्हणून लागली. तिने बजावलं होतं, "त्या माणसाचं नाव या घरात घ्याचं नाही." मी अकरा वर्षांची होते. तोवर मी त्यांना दौलतकाका म्हणायची. त्या दिवसापासून काका गेलं आणि दौलतही गेलं. घरात बोलायची वेळ आलीच तर आई "तो" म्हणायची आणि मीही.

त्या दुपारी बाबा गेल्याचा निरोप घेऊन आमच्या घरी आले तेही तेच. मला ते अजून जसंच्या तसं आठवतं, कारण मला त्याची लाज वाटत आली आहे. शाळा सकाळची, मी घरी होते आणि अंगणात भिंतीपाशी बाबांच्या सायकलला मागून आणलेल्या पंपाने हवा भरत होते. आदल्या संध्याकाळी मी ती सायकल न विचारता नेली होती, दांडीखालून पाय घालून कैची मारत. खिळ्यावरून गेली आणि मागचं चाक बसलं. मार पडेल म्हणून गुपचूप भिंतीला टेकवून ठेवली. पहाटे बाबांनी पाहिलं, चरफडले आणि शेजाऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून कामाला गेले. दुपारी ते यायच्या आत हवा भरून ठेवावी असा माझा बेत. हवा कसली राहतेय! तेवढ्यात दौलतकाका फाटकात येऊन उभे राहिले. सायकलकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. परत सायकलकडे. "बेबी, सायकल घरीच?" मी रडायलाच लागले. "मीनं पंक्चर केली काका. बाबाले सांगू नका. कोणालेच सांगू नका." ते म्हणाले, "नाही सांगत वं." आणि फाटकाशीच मटकन खाली बसले. मग आई बाहेर आली.

बाप तिकडे गेलेला आणि मी इकडे पंक्चरचं रडगाणं गातेय. इतकी वर्षं मला त्या आठवणीत एवढंच दिसत होतं.

दोन वर्षांपूर्वी आई गेली. तिच्या पेटीत साड्यांच्या खाली एक कॅसेट सापडली. वर तिच्या अक्षरात "ह्यांची ढोलकी". सेक्टर दोनच्या गणपतीत आमच्या लोकांचं भजन असायचं, त्यात बाबा ढोलकी वाजवायचे. कोणीतरी टेप केलं होतं. मला त्या कॅसेटची गंधवार्ता नव्हती. बाईने तीस वर्षं जपून ठेवली आणि कधी लावली नाही, कारण आमच्याकडे टेप नव्हता. मी ती सुपेल्यातल्या एका दुकानातून पेनड्राइव्हवर घेतली आणि गाडीत लावली. मी रोज अहिवाऱ्याला शाळेत जाते, माझा निवांत वेळ काय तो गाडीत. वाजायला लागली. पण ऐकू काय यावं? नुसती टाक टाक. बाबांचा उजवा हात तेवढा. त्यांचा नावाजलेला होता तो डावा हात, त्याचा घुमारा. लोक म्हणायचे, नारायणच्या डाव्याने मांडवाचे बांबू हलतात. तो कंपनीच्या त्या चिमुकल्या स्पीकरमधून येतच नव्हता.

दुकानात विचारलं तर एक म्हणाला, "पूरा डेक बदलना पड़ेगा मॅडम." माझ्या गाडीत मागचा कॅमेरा, स्टीअरिंगवरची बटणं, सगळं त्या डेकला, म्हणजे कंपनीच्या स्टिरिओला, बांधलेलं. दुसऱ्यानेही तेच सांगितलं. तिसरा खाकरून म्हणाला, "जुनवानी में एक बुढ़ऊ हैं. कंपनी के डेक को हाथ नहीं लगाते, फिर भी बेस निकाल देते हैं. गभणे नाम है."

तीन आठवडे मी गेले नाही. मग गेले. का गेले? बापाचा डावा हात ऐकायचा होता म्हणून. आणि तो त्या माणसाला ऐकवायचा होता म्हणून. खोटं कशाला बोलू?

नेहमीप्रमाणे त्यांनी आधी बॉनेट उघडलं, वायर सोडवली, टॅग काढायला खिशात हात घातला आणि नाव विचारलं. मी म्हटलं, "हटवार." तारेचं टोक हातात तसंच राहिलं. "कोणते हटवार?" "नारायण हटवार. मिलवाले." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. टॅगची तार अडकवायला त्यांना तीनदा प्रयत्न करावा लागला. मग हात पुसले आणि नेहमीचंच विचारलं, "हं, बोला बाई. काय लावाचं?"

बाई म्हणाले, बेबी नाही. मला तेवढं बरं वाटलं.

शनिवार, रविवार दोन दिवस काम चाललं. मी प्लास्टिकच्या खुर्चीवर इन्स्पेक्टरसारखी बसून होते, त्यांचा हात कुठे चुकतो ते पाहायला. हात कुठे चुकला नाही. बॅटरीपासून जाडजूड लाल वायर काढली आणि वीतभर अंतरावर फ्यूज बसवला. वीत स्वतःच्या हाताने मोजली, दोनदा. "फ्यूज बॅटरीपासून एक वीत. लोकं मांगं लावते, सोयीचं पडते म्हणून. मंग मधातली वायर कुठी घासली का आग. वीतभर जळलं तं जळू दे, माणूस नाही जळला पायजे." वायर डाव्या बाजूने मागे नेली आणि आवाजाची वायर उजव्या बाजूने. "दोघीले शेजारी नाही झोपवाचं. भांडते. मंग इंजिनचं रडणं गाण्यात येते." डेकला खरंच हात लावला नाही. मागच्या स्पीकरकडे जाणाऱ्या वायरींना एक काडेपेटीएवढी डबी जोडली, ती तिथला आवाज उचलून अँप्लिफायरला देते, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. अर्थिंगसाठी डिकीतला रंग खरवडून आतलं लोखंड उघडं केलं. मी म्हटलं, नव्या रंगाला कशाला धक्का? "रंगावर लावलेलं अर्थिंग म्हणजे नवरदेवाचा फेटा. दिसाले मस्त, कामाचं काई नाही."

त्यांना काहीतरी बोलायचं आहे हे दिसत होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी वायरी बांधता बांधता, माझ्याकडे पाठ करून, म्हणाले, "टॅग काढाचाच असन तं नाव घेऊन तीन डाव आवाज द्यावा. उत्तर आलं तं काढू नये. उत्तर नाही आलं तरीबी काढू नये. खाली उतरून पाह्यावं." मग एक गाठ आवळून, "हे मले उशिरा समजलं." मी ऐकलं न ऐकलं केलं.

संध्याकाळी टॅग काढला, वायर जोडली. अँप्लिफायरचा हिरवा दिवा लागला. मला म्हणाले, तुमच्याजवळचं काही लावा, त्यावर जुळवतो. मी पेनड्राइव्ह लावला. मुद्दाम सांगितलं नाही काय आहे ते.

ते स्क्रूड्रायव्हर घेऊन डिकीशी बसले होते, तळवा डब्यावर. आधी भजनाचा गलका, मग ढोलकी. त्यांनी आवाज हळूहळू वाढवत नेला, जरा फाटल्यासारखा झाला तसा मागे घेतला. आणि बाबांचा डावा हात आला. मी तीस वर्षांनी ऐकला. माझ्या पाठीला, सीटमधून आला तो. गभणेंचा हात डब्यावरच होता. ऐकू त्यांना किती आलं देव जाणे, पण ते म्हणाले, "नारायणचा डावा." भजन संपेपर्यंत हात उचलला नाही. मग म्हणाले, "थे झांज हाय ना, जरा पुढं पळते थे, थे माही हाय. नारायण शिव्या घाले मले. दौलत्या, थांबाले शीक म्हणे."

दुसरं कोणी असतं तर विरघळलं असतं. मला संताप आला. माझ्या बापाच्या कॅसेटमध्ये हा माणूस वाजतोय, आणि मी आता रोज दोघांना एकत्र ऐकायचं! मी खाली उतरले आणि जे विचारायला आले होते ते विचारलं. "तुम्ही एकदा खाली वाकून का नाही पाहिलं?"

गभणेंच्या पत्नी, आमच्या काकू, तेव्हा दारात चहाचे कप घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "अवं, ऐका ना तुमी..." गभणेंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्या कप घेऊन तशाच आत गेल्या. मग मला म्हणाले, "नाही पाह्यलं बाई."

एवढंच. ना घाई होती म्हणाले, ना चूक झाली म्हणाले, ना माफ कर म्हणाले. माणसाने खोटं का होईना एखादं कारण द्यावं की नाही? मला कारण हवं होतं. मी चावी घेतली आणि निघाले. जाताना "येते" सुद्धा म्हटलं नाही.

तरी कॅसेट मी रोज ऐकत होते. घरापासून अहिवाऱ्यापर्यंत बाबा, आणि बाबांच्या पुढे पळणारी ती झांज. काही दिवसांनी मी झांजेची वाट पाहायला लागले, हेही कबूल करते. थोडं मागे राहा की, असं गाडी चालवताना तोंडातून निघून जायचं.

मे महिन्यात एका सकाळी डावा हात बंद पडला. नुसती टाक टाक. शाळेला सुट्टी, पण माझी निकालाची कामं होती. गाडी घेऊन थेट त्यांच्याकडे गेले. बॉनेट, काळी वायर, चिंधी, टॅग. मग त्यांनी फ्यूज काढून दाखवला, आतली तार वितळलेली. वायर बॅटरीकडून आत जिथे पत्र्याच्या भोकातून येते तिथलं रबर सरकलं होतं, पत्र्याच्या कडेने वायर सोलली होती. फ्यूज त्या वीतभर जागी नसता तर गाडी पेटली असती, तीही चालत्या रस्त्यावर, माझ्यासकट. हे त्यांनी सांगितलं नाही, मला नंतर दुसऱ्या एका मेकॅनिकने सांगितलं. ते म्हणाले ते एवढंच, "माही चूक हाय. रबर पक्कं बसलं का नाही, नीट पाह्यलं नाही."

पाह्यलं नाही. तोच शब्द. माझं डोकं फिरलं.

"तुम्ही कधी पाहता?" मी म्हणाले. "तुम्ही त्या दिवशी पाहिलं असतं तर आज माझा बाप असता. हा खोका लावायची गरजच पडली नसती मला. आयुष्यभर टॅग लटकवत फिरता, त्याने काय होतंय? तो माझ्या बापाचा होता, तो ठेवायचा होता!"

ते ऐकून घेत होते. कानाला कमी येत असेल, पण यातला एक शब्द सुटला नसावा. "हाव बाई," म्हणाले. "नाही पाह्यलं." आणि पक्कड उचलून गाडीकडे वळले. "तीन वाजेपर्यंत होते. या मंग."

मी ऑटोने गेले. तीनच्या सुमारास शाळेत फोन आला. शेजाऱ्याचा होता. गभणे जेवायला म्हणून हात धुऊन पायरीवर टेकले आणि तिथेच गेले.

मयतीला मी गेले नाही. लोक गेले असतील तेवढे गेले. मी पाचव्या दिवशी गेले, आणि तेही कशाला, तर गाडी आणायला. हे लिहिताना स्वतःच्या तोंडात मारून घ्यावीशी वाटते, पण गेले ते गाडीसाठीच.

काकू पायरीवर बसल्या होत्या. गाडी शेडमध्ये तशीच, बॉनेट उघडं. मी काहीतरी उपचाराचं बोलले. त्यांनी मला बसायला लावलं. पाणी दिलं. मग म्हणाल्या, "तू बोलली थे मी आतून ऐकलं."

मी मान खाली घातली.

"बोलली थे बोलली. पण खोटं बोलली, म्हणून सांगतो. यायनं पाह्यलं होतं."

मला कळेना.

"मिलमंधी रोजचाच गोंधळ होता वं. लोकं टॅग लावत अन घरी जाताना काढाले विसरत. मंग दुसऱ्या पाळीवाला काय करे? सायकल पाहे. सायकलस्टँडवर ज्याची त्याची जागा. सायकल हाय तं माणूस हाय. सायकल गेली तं माणूस गेला. मंग टॅग काढत. सगळेच असंच करत, साहेबबी करे. हे स्टँडवर गेले होते थ्या दिवशी. नारायणभाऊची जागा रिकामी होती."

उन्हाचे अकरा वाजले असतील. शेडचा पत्रा तापून कडकड वाजत होता, तो आवाज मला अजून ऐकू येतो.

"चौकशीत साहेबच म्हणे, दौलत, सायकलचं सांग. तुमच्या मिलची रीत होती, एकट्याची चूक नाही, नोकरी वाचन. हे नाही म्हणे. मले मिलवाल्यायकून समजलं, थे म्हणत का हा सायकल पाह्याले गेला होता म्हणून. मी खोदून खोदून विचारलं, कावून नाही सांगितलं? तवा बोलले. म्हणे, सुमन, सायकल म्हटलं का कोणी विचारन, मंग सायकल कुठं होती? घरी कावून होती? अन थे पोरगी... अकरा वर्साची हाय थे. तिले जन्मभर लोकं काय म्हणन? थे स्वतःले काय म्हणन?"

काकूंनी पदराने तोंड पुसलं.

"म्हणे, बेबीनं सांगितलं, कोणाले सांगू नका. मी नाही सांगत म्हटलं. आता शब्द देला तं देला."

मला फाटक दिसलं. फाटकाशी मटकन बसलेला माणूस दिसला. हातातला पंप दिसला. तीस वर्षं मी ती आठवण उलटीपालटी करून पाहत होते, आणि एकदाही मला समजलं नाही की ते माझ्याकडे आणि सायकलकडे आळीपाळीने का पाहत होते.

"थ्या दिवशी तू गेल्यावर मी म्हटलं यायले," काकू म्हणाल्या, "आता तरी सांगा, आता मोठी झाली थे, मास्तरीण हाय. तं मलेच चूप केलं. म्हणे, मी खाली उतरून नाही पाह्यलं, हे तं खरंच हाय ना? मंग थे काय खोटं बोलली?"

मी रडले. मोठ्याने, त्या अंगणात, एखाद्या पोरीसारखी, आणि काकूंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. नवरा जाऊन पाच दिवस झालेली बाई माझी समजूत काढत होती. मी त्यांना म्हणाले, मी केलं हे, सायकल मी नेली होती. त्या म्हणाल्या, "लेकरू होती तू. थे बी तं लेकरूच होते वं, तीस-बत्तीसचा गडी म्हणजे काय." मग डोळे पुसून म्हणाल्या, "गाडीचं झालं होतं म्हणे. रबर नवं लावलं, फ्यूज लावला. तेवढी वायर जोडाची राह्यली. टॅग काढ अन जोड तू."

मी उठून बॉनेटपाशी गेले. रबर नवं होतं, त्याच्या भोवती तारेचे दोन वेढे, पुन्हा सरकू नये म्हणून. फ्यूज वीतभर अंतरावर. काळ्या वायरीला चिंधी. आणि बॅटरीच्या पट्टीला तो लाल पत्रा. काम चालू है. गभणे.

मी टॅगला हात लावला आणि लावताच मागे घेतला. नाव घेऊन तीनदा आवाज द्यायचा असतो. तीस वर्षांत मी त्यांना कशानेच हाक मारली नव्हती. अहो, तुम्ही, इकडे बघा, असंच चालवलं होतं.

"दौलतकाका," मी म्हणाले.

काकू पायरीवरून बघत होत्या. शेजारच्या घरातली एक बाई बाहेर येऊन उभी राहिली.

"दौलतकाका."

तिसरी हाक मी मोठ्याने मारली, त्यांना ऐकू जाईल अशी.

उत्तर आलं नाही. आणि उत्तर नाही आलं तरी टॅग काढायचा नसतो, खाली उतरून पाहायचं असतं. तसं खाली उतरून मी त्यांच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. मी बॉनेट हळूच खाली घेतलं आणि काकूंना म्हटलं, गाडी राहू द्या इथेच.

ती अजून त्यांच्या शेडमध्ये आहे. काकू तिच्यावरची धूळ पुसतात. लोक विचारतात, मॅडम, गाडी बिघडली काय? मी म्हणते, काम चालू आहे. अहिवाऱ्याला मी बसने जाते.